विनोदाचा सूर आणि लेखकाचा गळा

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात कोडोली नावाची दोन गावे आहेत. एक वारणानगरला खेटून, पन्हाळा तालुक्यात. दुसरे हातकणंगले तालुक्यातले पट्टणकोडोली, जेथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने माणसे आणि रस्ता एकाच रंगाची होऊन जातात. कथाकार शंकर पाटील १९२६ साली जन्मले ते या दुसऱ्या गावी. परंतु आमच्या बाजूची काही माणसे त्यांना बिनदिक्कत आपल्याच कोडोलीचे मानतात. एकदा मी ही चूक दुरुस्त करू गेलो, तेव्हा पारावरचे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, त्येनी लिवलंय ते आमच्या गावाचं. मग जल्मायला कुठं का जाईनात!"

मी गप्प बसलो. घरी येताना मात्र वाटू लागले की, या गृहस्थांनी जे एका वाक्यात सांगितले त्यासाठी मासिकांतील समीक्षकांना पाचसहा पाने लागली असती. लेखकाचा आवाज आपल्या घरातला वाटला की वाचक त्याचे गाव बदलतो. हा आवाज म्हणजे काय, विनोदाशी त्याचा संबंध काय, आणि तो कसा हरवतो, याविषयी थोडे लिहावे असे मनात आहे. मॅट्रिकच्या पुढची पदवी माझ्याजवळ नाही. त्यामुळे साहित्यशास्त्राची परिभाषा मी जपूनच वापरीन. पण फळ्यापुढे उभे राहून आणि एकदोन कादंबऱ्या लिहून जे अनुभवाला आले ते सांगायला परिभाषेवाचून फारसे अडू नये.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्या समीक्षेत 'वाचनीय' हा शब्द विचित्र अवस्थेला पोचला आहे. एखाद्या पुस्तकात जीवनदर्शन नसले, चिंतन नसले, प्रयोग नसला, तर परीक्षणाच्या शेवटी 'तथापि पुस्तक वाचनीय आहे' असे लिहून त्याची पाठवणी केली जाते. जणू वाचनीयता हे उत्तेजनार्थ बक्षीसच! विनोदाची अवस्था याहून निराळी नाही. विनोद म्हणजे लेखनाला वरून लावायचा मुलामा, मूळ धातू वेगळा, अशी समजूत फार जुनी आहे. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. पान उलटताना 'हा माणूस माझ्याशी बोलतो आहे' असे वाटणे म्हणजे वाचनीयता. आणि तो माणूस आपल्याशी बोलताना किती मोकळा आहे, हे सर्वांत लवकर कळते ते त्याच्या विनोदावरून. गंभीर वाक्य उसने घेता येते. विनोद उसना घेतला की लगेच उघडा पडतो.

मराठी गद्यात विनोदाची रीतसर प्रतिष्ठापना केली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. 'सुदाम्याचे पोहे' मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने समाजातील खुळ्या रूढींची जी झडती घेतली तिचे ऋण पुढच्या सर्वांनीच मानले. पण आज कोल्हटकर वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यांचा विनोद कानाला ऐकू येण्याआधी बुद्धीला दिसतो. कोटी, अतिशयोक्ती, कल्पनेची कसरत यांत ते असे रमतात की, वाचक हसण्यापूर्वी क्षणभर थांबून दाद देतो. गडकऱ्यांच्या 'बाळकराम' मध्येही गुरूची ही विद्या आहे. पण तेथे तिला उधाण आले आहे. हा विद्वत्तेचा विनोद होता, आणि त्या काळी तो तसा असणेही स्वाभाविक होते. हसणे ही हलकी गोष्ट नाही हे त्या पिढीला आधी सिद्ध करावयाचे होते. म्हणून त्यांनी हसण्याला पगडी घातली.

ती पगडी काढून ठेवली चिं. वि. जोशी यांनी. येथे मौज अशी की, जोशी स्वतः पाली भाषेचे पंडित, बडोद्याच्या महाविद्यालयातले अध्यापक. विद्वत्ता मिरवायची तर त्यांना कोणी अडवले नसते. परंतु लिहायला बसले की ते दाराआड जातात आणि चिमणरावाला पुढे पाठवतात. चिमणराव बोलतो ते पुण्यातल्या साध्या कारकुनाच्या तोंडाने. आपण हास्यास्पद आहोत हे त्याला माहीत नाही. गुंड्याभाऊच्या सोट्याविषयी त्याला खरोखरच आदर आहे. लेखक डोळा मिचकावीत नाही. वाचक हसतो आणि थोड्या वेळाने ओशाळतो, कारण चिमणरावाची फजिती त्याच्या स्वतःच्या घरी गेल्या आठवड्यातच होऊन गेलेली असते. माझ्या मते मराठी विनोदाला गळा लाभला तो येथे. कोल्हटकरांचा विनोद लिहिलेला आहे. जोश्यांचा विनोद बोललेला आहे.

याच सुमारास आपल्याकडे लघुनिबंध भरास आला. लेखकाने वाचकाशी जिव्हाळ्याने बोलावे, स्वतःच्या लहानसहान आवडीनिवडी सांगाव्या, यासाठीच तो प्रकार जन्मला होता. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर या दोघांचाही आमच्या कोल्हापूरशी निकटचा संबंध. दोघांनीही हा प्रकार मनापासून जोपासला, आणि अनंत काणेकरांनी त्याला खेळकरपणा दिला. पण पुढे काय झाले? 'मी सहज खिडकीत बसलो होतो' असे म्हणत शेकडो लोक खिडकीत बसू लागले. सहजपणा हा ठरीव झाला. व्यक्तिगत सूर म्हणून जे सुरू झाले त्याची लकब झाली, आणि लकब कोणालाही उचलता येते.

सूर आणि लकब यांतील हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. १९२५ साली अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढून त्या काळच्या कवींची जी विडंबने केली, ती नुसती टवाळी नव्हती. ती एक प्रकारची समीक्षाच होती. विडंबन करता येते ते लकबीचे. कवी कोणता शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, कोठे उसासा टाकतो, कोठे 'हाय' म्हणतो, हे विडंबनकार टिपून ठेवतो. सूर मात्र त्याच्या हाती लागत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या बाबतीत हे उघड दिसते. 'व्यक्ती आणि वल्ली' ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर मराठीत वल्लींचे पीक आले. प्रत्येक गावात एक विक्षिप्त शिक्षक, एक बेरकी दुकानदार आणि शेवटच्या परिच्छेदात एक अश्रू! पु. लं.च्या उपमा घेतल्या, हळवेपणा घेतला. ते माणसाकडे जितका वेळ पाहत बसत तितका वेळ पाहत बसण्याची तयारी मात्र कोणी घेतली नाही. चितळे मास्तरांवरून प्रेरणा घेतलेली व्यक्तिचित्रे मी शिक्षक या नात्याने पुष्कळ वाचली आहेत; त्यांतल्या एकाही मास्तराच्या वर्गात बसावे असे मला वाटलेले नाही.

आता आमच्या भागाकडे वळतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी एका व्यासपीठावर बसून कथाकथन केले, आणि मराठी कथा छापखान्यातून उठून पटांगणात गेली. पुढे तिघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळीला. तिघांना 'ग्रामीण' या एकाच खुंटीला टांगण्याची आपल्याला सवय आहे. पण ऐकू येतात ते तीन अगदी वेगळे आवाज.

माडगूळकर कमी बोलतात. १९५५ सालच्या 'बनगरवाडी' चा निवेदक माझ्याच व्यवसायातला, धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शिक्षक. त्याला आपले कौतुक नाही आणि वस्तीची कीवही नाही. दुष्काळाने वाडी रिकामी होते तेव्हाही त्याचा आवाज चढत नाही. म्हणूनच त्या पुस्तकातील हसू आणि दुःख एकाच उंचीवर राहतात. मिरासदार याच्या उलट, थापेबाजाचा गंभीर चेहरा करून बोलतात. 'भुताचा जन्म' सांगताना त्यांच्या कपाळाला आठी पडत नाही. थाप जितकी मोठी तितका आवाज सरळ. शंकर पाटलांचा प्रकार तिसराच. त्यांच्या कथेत जणू अख्खे गाव बोलते आणि कोणीही विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. प्रश्नाला प्रतिप्रश्न, त्याला एखादी जुनी आठवण, मग तंबाखू, मग मूळ प्रश्न कोणाचा होता याचाच वाद! हा विनोद शब्दांत नाही, वेळ काढण्यात आहे. आणि ज्याने ग्रामपंचायतीची एक सभा पाहिली आहे त्याला तो किती खरा आहे हे सांगावे लागत नाही. 'धिंड' सारख्या कथेत गाव हसते, आपणही हसतो, आणि मग आपण कोणत्या घोळक्यात उभे आहोत हे ध्यानात येऊन थोडे चपापतो.

या तिघांच्या यशाने मात्र एक धोका निर्माण झाला, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. व्यासपीठावर हशा ताबडतोब मिळतो. आमच्याकडच्या तमाशातला सोंगाड्या आजचा हशा उद्याच्या गावी चालत नाही असे पाहून वाक्य बदलतो. ती त्याची कला आहे आणि त्याचा हिशेब रोज रात्री चुकता होतो. छापलेल्या पुस्तकाला ही सोय नाही. पटांगणात मिळालेला हशा डोक्यात ठेवून लेखक कागदावर लिहू लागला की, तो वाचकाला प्रेक्षक समजू लागतो. मूळ तिघे कसलेले लेखक होते. त्यांची कथा एकट्याने, मुकाट्याने वाचली तरी उभी राहते. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांची कथा सांगणाऱ्याच्या हातवाऱ्यांवाचून लंगडते. आणि मग लंगडेपणा झाकण्यासाठी एक हुकमी उपाय केला जातो : बोलीलाच हसवायला लावायचे.

एक उदाहरण देतो. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असे बोलतात. पुण्यामुंबईच्या माणसाला हे ऐकून हसू येते. आमच्या गावात मात्र या बोलण्याकडे कोणाचे लक्षही जात नाही; आई 'मी शेताला जातो' म्हणाली तर मूल हसत नाही, सोबत निघते. आता एखाद्या कथालेखकाने हशा पिकावा म्हणून ही लकब पानोपानी पेरली, तर तो कोणासाठी लिहितो आहे हे त्याच्या नकळत उघड होते. तो गावात जन्मला असेल, पण त्याचा कान गावाबाहेर उभा आहे. अलीकडे 'नाद खुळा' आणि 'लई भारी' यांचा जो बाजार दूरदर्शन-वाहिन्यांवर आणि जाहिरातींत मांडला आहे, तो याच वृत्तीचा. बोली कधीही हास्यास्पद नसते. तिच्यात बोलणारा एखादा माणूस, एखाद्या प्रसंगी, आपल्या खोटेपणामुळे किंवा भोळेपणामुळे हास्यास्पद होतो. आणि तो प्रमाण भाषेत बोलला असता तरीही झालाच असता. कागलच्या आनंद यादवांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'झोंबी' त शिक्षणासाठी चाललेली झटापट याच मातीतल्या माणसांच्या तोंडून सांगितली. तेथे बोली आहे, तिरकसपणा आहे, क्वचित हसूही आहे. पण भाषेला हसण्याची हिंमत वाचकाला होत नाही, कारण लेखक स्वतः तिच्या आत उभा आहे.

दुसऱ्यांविषयी इतके बोलल्यावर स्वतःला सोडून देणे बरे नव्हे. माझ्या कादंबरीत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा एक कारकून आहे. पहिल्या खर्ड्यात तो अबोल होता. गळिताच्या हंगामात रात्रभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागायची आणि हा मनुष्य पावती फाडताना एकच शब्द बोलायचा : 'पुढं.' एका कार्यक्रमात मी हे प्रकरण वाचून दाखवले. श्रोते शांत होते. ते शांत आहेत म्हणजे कंटाळले आहेत असे मी समजलो, आणि ऐन वेळी कारकुनाच्या तोंडी एक चावट वाक्य घातले. हशा झाला. पुढच्या पानावर दुसरे घातले. टाळ्या झाल्या. घरी येऊन ती दोन्ही वाक्ये मी हस्तलिखितात लिहिली, आणखी सहा त्यांच्या जोडीला बसवली, आणि पुस्तक तसेच छापून आले.

वर्षभराने ते प्रकरण सहज उघडून वाचले. कारकून नाहीसा झाला होता! त्याच्या जागी मी उभा होतो आणि श्रोत्यांकडे पाहत होतो. तो 'पुढं' म्हणत असताना त्याच्यात जो थकवा होता, आणि त्या थकव्यातच जो बारीकसा विनोद होता, म्हणजे जगातल्या सर्व दुःखांना, तक्रारींना आणि पहाटेच्या थंडीला त्याने शोधलेले ते एकच उत्तर, ते मी आठ फुटकळ वाक्यांना विकून टाकले होते. यात दोष ना श्रोत्यांचा, ना प्रकाशकाचा. आपला सूर ऐकू येण्याइतका धीर मला नव्हता, इतकेच.

हा धीर का नसतो, याचा विचार करू लागलो तेव्हा मला माझाच वर्ग आठवला. पंधराएक वर्षांपूर्वी मी सातवीच्या मुलांना 'माझी आई' हा निबंध घातला होता. एका मुलाने लिहिले : 'माझी आई रागावली की म्हशीला शिव्या देते. पण म्हैस काही मनाला लावून घेत नाही. ती मलाच देत असती.' मी त्या वाक्यांवर लाल शाईची रेघ मारली आणि समासात 'असभ्य' असे लिहिले. त्याच महिन्यात मी त्याच वर्गाला 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण समजावून दिली होती. तिचे इतके जिवंत उदाहरण वहीत चालून आले, आणि मला ते ओळखता आले नाही!

मुलगा हुशार होता. पुढच्या निबंधात त्याने 'माझी आई वात्सल्याची मूर्ती आहे. तिच्या मायेला सागराचीच उपमा शोभते' असे लिहिले. त्याने तोवर सागर पाहिलेला नव्हता. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

आचार्य अत्रे हे मुळात पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक. मुलांना वाचावेसे वाटेल असे धडे पाहिजेत म्हणून त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मिरासदारांनीही शिक्षकी केली, आणि खांडेकरांच्या उमेदीची वर्षे शिरोड्याच्या शाळेत गेली. आपल्या साहित्याचा आणि शाळेचा असा जवळचा संबंध आहे. तेव्हा मराठी लेखनात सूर कमी आणि लकबी फार, असे जर आज आपणाला दिसत असेल, तर त्याचा जाब प्रथम आम्हा शिक्षकांना विचारला पाहिजे. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचा आवाज असतो. तो असभ्य आहे असे त्याला आम्ही सांगतो, आणि पुढे तो तिसाव्या वर्षी कथा लिहू लागला की 'याला स्वतःची शैली नाही' असे समीक्षक लिहितात.

यावर कोणी म्हणेल, मग व्याकरण शिकवू नये काय? शुद्धलेखन सोडून द्यावे काय? मुळीच नाही. चिं. वि. जोश्यांइतके स्वच्छ मराठी आजही थोड्यांना लिहिता येते. गाणाऱ्याला ताल शिकवावाच लागतो. मात्र तालासाठी त्याचा गळा बदलण्याचे कारण नाही. म्हशीच्या त्या तीन वाक्यांत शेवटचे 'असती' तेवढे 'असते' करावयाचे होते. लाल शाईला त्याहून अधिक काम नव्हते.

यंदा मी पुन्हा तोच विषय घातला. आधी मुलांना सांगितले की, शाळा सुटल्यावर वाटेने सोबत्याला सांगता तसे लिहा. चाळीसपैकी बहुतेक वह्यांत वात्सल्याची मूर्ती आणि सागर पुन्हा भेटले. ही दोघे आता घरोघर, शिकवण्यांतून आणि मार्गदर्शकांतून, मुक्कामाला आहेत. चार वह्या मात्र निराळ्या निघाल्या. एका मुलीने लिहिले की, तिची आई देवापुढे बसून हिशेब करते आणि हिशेब चुकला की देवाकडे बघते. त्या वाक्याखाली मी काहीच लिहिले नाही. काय लिहावे ते मला सुचले नाही.

तो म्हशीचा मुलगा आता बाप्या झाला आहे. दूध घालायला येतो तेव्हा संकलन केंद्रावर कधीमधी भेटतो. परवा भेटला. रांगेत उभा राहून चौघांना काहीतरी सांगत होता आणि चौघेही पोट धरून हसत होते. मला पाहताच त्याने कॅन खाली ठेवला आणि बोलणे थांबवले. निबंधाचा विषय मीच काढला. त्याचा चेहरा उजळला. "आठवतंय की, सर. धातलं आठ मार्क दिल्यालं तुम्ही. वही अजून हाय घरात."

त्याच वहीत, चारदोन पाने आधी, ती लाल रेघ आहे. ती त्याला आठवत नव्हती. "एकदा आणशील का बघायला?" असे मी विचारले. "आणतो की," तो म्हणाला. अजून आणलेली नाही.